कुळाचे दुखणे आणि कुळाचा विनोद

(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवानिमित्त भरलेल्या स्त्रियांच्या सभेत वाचलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत मंगल विषयावर बोलावे असा शिष्टाचार आहे. देवळाची घंटा कोणी दिली, आलतार कोणत्या साली उभारला, पहिल्या मिस्सेला किती माणसे जमली, हे इतर वक्ते सांगणारच आहेत. आम्हांस मात्र स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलण्याची आज्ञा झाली आहे. हा शब्द कानी पडताच कित्येकींचा हात नकळत पदराकडे गेला असेल. पदर खुशाल सावरावा, कान मात्र झाकू नयेत, एवढीच विनंती.

येथे ‘आम्ही’ म्हणतो ते केवळ सभेच्या रीतीने नव्हे. आम्ही एका आज्याच्या सात नाती. तिघी त्याच्या मुलांच्या मुली, चौघी त्याच्या मुलींच्या. आज आम्ही सहा आहोत. हा मजकूर सहाही जणींनी मिळून सिद्ध केला असून वाचणारी एकच आहे. सहाजणी एकदम बोलू लागल्या म्हणजे काय होते, ते आमच्या यजमानांना विचारावे.

आमच्या कुळात हे दुखणे केव्हापासून आहे, याचा शोध आम्ही या देवळातच घेतला. २०१७ साली पाद्रीबाबांच्या परवानगीने आम्ही बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या जुन्या वह्या उघडून बसलो. शाई फिकी झालेली, पाने कसरीने खाल्लेली. तथापि नाव, बापाचे नाव, वय आणि दिवस स्पष्ट होते. आमची पणजी १९२६ साली वारली. वय ४४. घरातील समजूत अशी की ती ‘छातीच्या दुखण्याने’ गेली, आणि छातीचे दुखणे म्हणजे दमा असावा असे आम्हांस लहानपणी वाटे. तिचा मुलगा, म्हणजे आमचा आजा, ८३ वर्षे जगला. त्याला कधी पडसेदेखील झाल्याचे कोणास आठवत नाही. त्याची धाकटी मुलगी १९६९ साली, ३८व्या वर्षी गेली. तिच्या मृत्यूचे कारण लोकांना ‘क्षय’ असे सांगण्यात आले. विचार करा, भगिनींनो! ज्या काळी क्षयाच्या नावाने लोक उंबऱ्याबाहेर उभे राहत, त्या काळी आमच्या घराला क्षय हे नाव अधिक सोयीचे वाटले. कारण घरात लग्नाच्या मुली होत्या, आणि क्षय औषधाने बरा होऊ लागला होता.

त्या पिढीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी जे लपविले ते मायेपोटी लपविले. परंतु त्याचा हिशेब पुढे कोणी चुकता केला, ते सांगितल्यावाचून आमचा विषय पुरा होणार नाही.

प्रथम थोरल्या आत्याची गोष्ट ऐकावी. (आम्हांपैकी चौघींना ती आई किंवा मावशी, परंतु साऱ्या गावाला ती थोरली आत्याच.) १९७८ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, तिची शस्त्रक्रिया परळला झाली. त्या काळची शस्त्रक्रिया म्हणजे स्तनाबरोबर खालचे स्नायू व काखेतील गाठी काढून टाकणारी. तिचा डावा हात पुढे कायम सुजलेला राहिला आणि दादरच्या बाजाराला फुलांची टोपली नेणे बंद झाले. घरी आल्यावर तिने पोलक्यात भरण्यासाठी कापसाची पिशवी शिवली. कापसाला वजन नाही. एका बाजूला झुकलेल्या तराजूसारखे चालावे लागते, अशी तिची तक्रार. म्हणून तिने नातवाची मोहरीची उशी उसवून पिशवीत मोहरी भरली. तोल उत्तम साधला. परंतु गावच्या सणाच्या मिरवणुकीत, बँड वाजत असता, मागील रांगेतल्या बायांना रस्त्यावर मोहरीची एक बारीक रेघ दिसू लागली. कोणीतरी घाबरत घाबरत तिच्या कानाशी लागले. थोरल्या आत्याने खाली पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “प्रभूने मोहरीच्या दाण्याएवढी श्रद्धा मागितली होती. मी पावशेर वाहिली. आता आणखी काय पाहिजे?”

मिरवणुकीची शिस्त त्या ठिकाणी काही काळ राहिली नाही हे खरे. पण त्या आठवड्यात दोन बाया, एक दुपारी आणि एक दिवेलागणीला, परसदाराने तिच्याकडे आल्या. दोघींच्याही अंगावर गाठ होती. एकीने ती आठ महिने कोणाला सांगितली नव्हती. थोरल्या आत्याने दोघींना पहाटेच्या गाडीने परळला नेले. एकीची गाठ निरुपद्रवी निघाली. दुसरीची तशी नव्हती. ती पुढे अठरा वर्षे जगली. जे काम तोवर कोणा वडीलधाऱ्याच्या गंभीर उपदेशाने झाले नव्हते, ते पावशेर मोहरीने केले. स्वतः थोरली आत्या २००१ साली, ७५ वर्षांची होऊन, भलत्याच दुखण्याने वारली. कर्करोगाला आपण चकविले याचा तिला शेवटपर्यंत अभिमान होता.

कोणी म्हणेल, अशा विषयात हसणे धर्माला धरून आहे काय? त्यांनी सिसिलीतील कातानिया नगराकडे पाहावे. संत आगाथा ही तेथील कुमारिका. सम्राट देचिउसच्या छळात, सुमारे २५१ साली, तिला हौतात्म्य आले. परंपरा सांगते की तिचे स्तन कापण्यात आले होते. मिस्सेच्या प्राचीन प्रार्थनेत तिचे नाव येते, आणि स्तनाच्या व्याधीने पीडित स्त्रिया तिचा आश्रय घेतात. ५ फेब्रुवारीला तिचा सण. त्या सणाला कातानियाचे हलवाई काय विकतात? ताज्या चीजची, वर पांढऱ्या साखरेचा लेप आणि टोकाला एक लाल चेरी बसविलेली गोल मिठाई. आणि तिचे नावच ‘संत आगाथेचे स्तन’. आजीपासून नातवापर्यंत सारे ती खातात. पुढे जुन्या चित्रांत तिच्या हातातील तबक पाहून लोकांना त्यावर पाव दिसले, कोणाला घंटा दिसल्या. म्हणून ती पाववाल्यांची आणि घंटा ओतणाऱ्यांचीही आश्रयदाती झाली! आम्हांस वाटते, ज्या लोकांनी आपल्या हुतात्म्याच्या जखमेची मिठाई केली, त्यांनी तिचा अपमान केला नाही. तिला घरात घेतले.

याच वाटेने चालणारी एक बाई अलीकडच्या काळात अमेरिकेत होऊन गेली. एर्मा बॉम्बेक हिचा जन्म १९२७ सालचा. डेटन येथील कॅथलिक विद्यापीठात ती शिकली आणि तरुणपणी कॅथलिक झाली. पुढे धुणे, भांडी, मुले व नवरा यांविषयी ती वृत्तपत्रांत विनोदी लेख लिहू लागली. भराच्या काळात सुमारे ९०० वृत्तपत्रांत ते छापले जात. १९८९ साली तिने कर्करोग झालेल्या मुलांविषयी एक पुस्तक लिहिले आणि त्याचे उत्पन्न कर्करोगाच्या कार्याला दिले. मुले आपल्या टकलांची थट्टा करतात, त्या थट्टेला तिने त्यात मान दिला. तीनच वर्षांनी, १९९२ साली, तिच्या स्वतःच्या स्तनात कर्करोग सापडून शस्त्रक्रिया झाली. शिवाय मूत्रपिंडांचा एक आनुवंशिक विकार तिला तरुणपणापासून होता. १९९६ साली मूत्रपिंड बदलल्यानंतर काही दिवसांनी तिचा अंत झाला. घराण्यातून आलेले दुखणे आणि अवचित आलेले दुखणे, दोन्ही तिच्या वाट्याला आली.

परंतु हसलेच पाहिजे असा कायदा करू नये. फॅनी बर्नी ही इंग्रज लेखिका विनोदी कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध होती. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे तिचा स्तन काढण्यात आला. नेपोलियनच्या सैन्याचा शस्त्रवैद्य लारे हा तेथे होता. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. घोटभर मद्यावर तिने तो प्रसंग सोसला. नंतर तिने बहिणीला जे दीर्घ पत्र लिहिले ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्यात थट्टेला जागा नाही. ती ८७ वर्षे जगली. ज्या लेखणीने साऱ्या इंग्लंडला हसविले तिने त्या दिवसाविषयी हसण्याचे नाकारले, हा तिचा अधिकार होय. रुग्णाला भेटावयास येऊन “हसत राहा, हसत राहा” असे बजावणारे जे पाहुणे असतात, त्यांनी शक्य तर केळी ठेवून लवकर निघावे.

आता आमच्या सातवीकडे येतो. तिच्यासारखी थट्टेखोर आमच्यात दुसरी नव्हती. २०१३ सालच्या पावसाळ्यात तिला गाठ लागली. नणंदेने विचारले तेव्हा ती म्हणाली, “लग्नगाठीहून घट्ट नाही, ती सुटली नाही, तर ही कसली सुटते?” सारे हसले. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, “देवाघरी गाठी बांधतात ना, तिथलीच एखादी चुकून इकडे आली असेल.” पुन्हा हसले. या प्रकारे सात महिने गेले. शेवटी एका दवाखान्यात गेली, तर तेथे विचारण्यात आले, “आई किंवा मावशी, कोणाला हा रोग होता?” ती आमच्या काकांची मुलगी, तिने खरे तेच सांगितले की नाही. आत्याविषयी कोणी विचारले नाही, धाकट्या आत्याचा तर घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे क्षयच झालेला, आणि पणजीला दमा. तिला तीन महिन्यांनी पुन्हा यावयास सांगितले गेले. २०१४ साली निदान झाले. २०१६ साली, ४६व्या वर्षी, ती गेली.

तिच्या थट्टेत आणि थोरल्या आत्याच्या थट्टेत काय अंतर होते, याचा आम्ही सहाजणींनी पुष्कळ विचार केला. दोघींची जीभ एकाच कुळाची. परंतु आत्याने जे घडले होते ते चारचौघांत सांगितले आणि मग त्यावर हसली. हिचे हसू गाठीच्या दाराशी राखण बसले होते. कोणी आत डोकावू लागले की ते पुढे होई. आम्हांस तिचा राग येत नाही. हसवून हसवून तिने आपली भीती आम्हांपासून झाकली, आणि ती भीती आमच्याच घराने पिढ्यान्‌पिढ्या न बोलता तिच्या ओटीत घातली होती.

आईकडचे विचारावयाचे आणि बापाकडचे सोडावयाचे, ही चूक केवळ त्या एका दवाखान्याची नव्हे; गावोगावी हीच समजूत आहे. वस्तुतः शास्त्र काय सांगते ते थोडक्यात सांगतो. पॅरिसचा शस्त्रवैद्य पॉल ब्रोका याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्याच पत्नीच्या घराण्याची वंशावळ दिली. त्यात पिढ्यामागून पिढ्या स्त्रिया या रोगाने गेल्याचे दिसत होते. पुढे सव्वाशे वर्षांनी, १९९० साली, मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने अशा अनेक घराण्यांचा अभ्यास करून दाखविले की सतराव्या गुणसूत्रावर या दोषाचे एक ठिकाण आहे. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. पुढल्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरील दुसरे. त्यांना ब्राका-१ व ब्राका-२ म्हणतात. (ब्रोका आणि ब्राका कानाला सारखे लागतात, परंतु हे नाव स्तन व कर्करोग यांच्या इंग्रजी शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांवरून पडले आहे.)

ही जनुके रोगाची नव्हेत. ती आपणा सर्वांच्या अंगी असतात आणि त्यांचे काम रफूगाराचे आहे. पेशीतील धागा तुटला की ती तो सांधतात. प्रत्येकीला दोन रफूगार मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जन्मतःच पांगळा असला तरी दुसरा काम भागवितो. परंतु स्तनाच्या एखाद्या पेशीत तो दुसराही निकामी झाला, तर न सांधलेले धागे साचत जातात आणि पुढे कर्करोग उद्भवू शकतो. पांगळा रफूगार ज्याच्या अंगी आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा. मग ते अपत्य मुलगी असो वा मुलगा, आणि देणारी आई असो वा बाप. केळीच्या बुंध्याचा दोष मुनव्यात उतरतो, हे आमच्या बागायतदारांना सांगावयास नको. आमचा आजा धडधाकट राहिला. पोस्टमनाने पाकीट न फोडता पोहोचवावे तसे त्याने ते आपल्या मुलामुलींना पोहोचविले.

म्हणून आत्या मावशीइतकीच मोजावी. बापाची आई मोजावी. अंडकोशाचा कर्करोग झालेली बाई मोजावी, कारण दोष तोच असू शकतो. पुरुषही मोजावे, स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. मात्र घाबरून जाऊ नये: या रोगाच्या १०० रुग्णांपैकी असा उपजत दोष साधारण ५ ते १० जणांतच आढळतो. ज्या स्त्रियांत तो आहे, त्यांच्यापैकी मात्र १०० मागे सुमारे ७० जणींना ऐंशी वर्षांच्या आत हा रोग गाठतो. ही संख्या लहान नव्हे, आणि ती कोणी कोणापासून लपवू नये.

ज्यांच्या कुळात काहीच नाही त्यांनीही निश्चिंत होऊ नये, कारण बहुसंख्य रुग्ण त्यांच्यातूनच येतात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील वैद्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या वस्त्यांत, थोडक्या आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हातांनी तपासत. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. पन्नाशीपुढील बायांनो, वर्षातून एखादा दिवस लोणच्याच्या बरण्या तशाच ठेवून जाणत्या हातांकडून तपासून घ्यावे. आणि कोणत्याही वयात गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड किंवा त्यातून रक्त दिसले, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. ही गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही.

२०१७ साली वह्या पाहून झाल्यावर आम्ही सहाजणींनी रक्ताची तपासणी करविली. टाटा रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र चिकित्सा आहे. आधी समजावून सांगतात, मग रक्त घेतात. तिघींत दोष निघाला, तिघींत नाही. ज्यांच्यात निघाला नाही त्या त्या दिवशी अधिक रडल्या. परतीच्या गाडीत दोष असणाऱ्यांना त्यांचीच समजूत घालावी लागली. एकीने रोग होण्यापूर्वीच दोन्ही स्तन व अंडकोश काढून घेतले, आणि आता आपल्याला पोलके बेतताना शिंप्याशी भांडावे लागत नाही म्हणून सांगते. दुसरीने दर वर्षी चित्रतपासणी करून घेण्याचे ठरविले. २०२२ साली तिच्यात अगदी लहान गाठ सापडली आणि उपचार झाले. औषधाने केस गेले, तेव्हा तिने आधीच टक्कल पडलेल्या यजमानांना आरशासमोर शेजारी उभे केले व म्हणाली, “लग्नाच्या मिस्सेत पाद्रीबाबांनी दोघे एकदेह होतील म्हणून वाचले होते, सव्वीस वर्षांनी निदान डोक्यापुरते तरी खरे झाले.” तिसरीने अजून काही ठरविलेले नाही. ती विचार करीत आहे, आणि तिला कोणी घाई करू नये.

राहिली लग्नाची गोष्ट, ज्यासाठी आमच्या घराने इतके लपविले. २०२३ साली आमच्यातील एकीच्या मुलीचे जमले. मुलीने हट्ट धरला की साखरपुड्याआधी मुलाकडच्यांना सर्व सांगावयाचे. आम्ही सहाजणी जपमाळ हाती घेऊन बसलो होतो. मुलीने पणजीपासून सांगितले, दफनाच्या वहीतील वयांसकट. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलाची आजी म्हणाली, “आमच्या घरी मधुमेह इतका जुना आहे की लग्नाचा केक आम्ही फक्त कापतो. तुमच्याकडची माणसे तो खातात ना? मग हरकत नाही.” लग्न झाले. केक आमच्याकडच्यांनीच संपविला.

सभागृहाच्या दाराशी मेजावर कागद ठेवले आहेत. प्रत्येक कागदावर झाडाची आकृती आहे. त्यात आजी, पणजी, आत्या, मावशी, काका यांची नावे, झालेले दुखणे आणि मृत्युसमयीचे वय लिहावे. जुने वय ठाऊक नसल्यास पाद्रीबाबांनी पुढील दोन रविवारी मिस्सेनंतर वह्या पाहू देण्याचे मान्य केले आहे. कागद घरी न्यावा, थोरल्यांजवळ बसून भरावा, आणि वैद्याकडे जाताना बरोबर ठेवावा. पेन्सिली मात्र मेजावरच ठेवाव्यात. त्या बालवाडीच्या आहेत, आणि मुलांनी त्या मोजून दिल्या आहेत.